पंख्याभोवतीचा पत्रा

२५ जुलै १९८२, रविवार

आली! लाल शेवरले आली आज आपल्या गॅरेजात! आली म्हणजे काय, चार हमालांनी ढकलत आणली. बोनेटमधून वाफ अशी निघत होती की धुरपता आत्या तव्यावरची भाकर सोडून बाहेर पळाली. "आग लागली का गं प्रभे?" आग कुठली, पाणी उकळून राहिलं होतं.

गाडी अमृतराव डाळमिलवाल्यांची. सदुसष्टचं मॉडेल, आठ सिलिंडर! धरणाच्या कामावर आलेल्या कुण्या गोऱ्या इंजिनियरनं हैदराबादेत आणलेली. तो परत गेला अन् यांनी घेतली. चार वर्षांमागं माझ्या वडलांनी, आबांनीच तिला दुसरा कार्बोरेटर बसवला, मागं रुंद टायर घातले, सायलेन्सर कापला, सहा भोंग्यांचा हॉर्न लावला. आता ती सुरू झाली की गंजगोलाईच्या चौकातली कबुतरं उडतात.

अमृतराव घाम पुसत म्हणाले, "मिस्त्री, सोळा तारखेला लातूर जिल्हा होऊन राहिला. मिरवणुकीत ही गाडी सगळ्यात पुढं, अन् स्टेअरिंगवर तुम्ही. पण मधीच अशी उकळली तर तुमची माझी दोघांची शोभा! पंधरापर्यंत जमत नसंल तर आत्ताच सांगा. सोलापूरचा मिस्त्री आणतो."

आबांनी नुसता रुमाल डोक्याला बांधला. पण मला कळलं ना! वीस वर्षं या गावानं शेषेराव मिस्त्रीचे पायच पाहिलेत, गाडीखालून निघालेले. सोळा तारखेला तोंड पाहतील!

मला आज भाकर गोड लागेना, इतकी खूश हाय मी.

२६ जुलै, सोमवार

आबांचं निदान — रेडिएटर जाम. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं आत चुना अन् गंज धरला.

आता धुवायचा कशानं? टँकर तिसऱ्या दिवशी येतो. आत्या घागरीवर बसूनच होती, "एक तांब्या देणार न्हाई, गाडीला काय तहान लागली?" शेवटी दोन घागरी दिल्या. आबांनी धुण्याचा सोडा कालवला अन् तेच पाणी टबात धरून तीनदा फिरवलं. निघालं ते विटेसारखं लाल!

"बघ पोरी, कशानं तापणार न्हाई मग?"

औसा रोडला पळवली. तापमानाचा काटा मधोमध. मी खिडकीतून ओरडलेच! परत येताना गोलाईत बैलगाड्यांमागं अडकलो. मी आबांच्या घड्याळाकडं बघत होते. अकराव्या मिनिटाला वाफ.

हमाल ओळखीचेच झाले आता.

२८ जुलै, बुधवार

आबांनी पाईप बदलले, झाकण बदललं, फॅनबेल्ट आवळला. मग हेड गॅस्केटचा संशय, इंजिनात पाणी शिरू न देणाऱ्या पट्टीचा. रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालू केलं — बुडबुडे न्हाईत. तेल काढून पाहिलं — पाणी न्हाई त्यात. म्हणजे गॅस्केट शाबूत हाय.

मी इथं लिहून ठेवते, कारण डोक्यात मावेना. मोकळ्या रस्त्यावर, ऊन कितीबी असू द्या, काटा हलत न्हाई. गर्दीत हळू चाललं की वर. उभी ठेवून चालू ठेवली तरी वर.

म्हणजे पळताना थंड, रांगताना गरम! अन् मिरवणूक तर रांगणारच ना! नाचणारे पुढं, लेझीम पुढं, कोण पळू देणार हाय हिला?

पळताना वारा आपोआप रेडिएटरात घुसतो. उभ्या गाडीत वारा कोण ओढणार? पंखा. मग पंख्यातच काहीतरी हाय! पण पंखा तर भन्नाट फिरतो. पाती सरळ, बेल्ट घट्ट. मी आबांना बोलले तर म्हणाले, "पंखा फिरतो तेवढं बास हाय त्याला. तू पाना दे."

पाना दिला. दुसरं काय करणार!

१ ऑगस्ट, रविवार

सापडलं! सापडलं!!

सकाळी विहारात वंदनेला गेलो. आत्यानं उदबत्ती लावली. धूर सरळ वर गेला, मग एकदम खिडकीकडं वळला. मी बघतच राहिले. गाथा सगळ्यांच्या पुढं गेली अन् मी मागंच! हवा डोळ्यांना दिसत न्हाई, पण धूर दिसतो की!

घरी आले, आत्याचा उदबत्तीचा पुडा उचलला, पदर कमरेला गच्च खोचला अन् शेवरले चालू केली. जाळीपुढं धूर धरला. मध्यभागी धरला तर आत जातो, होय. कोपऱ्यात धरला तर नुसता तरंगतो. चारी कोपऱ्यांत तेच! मग बाजूनं, पंख्याच्या अंगाला धरला — सर्रकन आत!

म्हणजे पंखा वारा ओढतो, पण रेडिएटरातून न्हाई. बाजूनं, वरून, जिथून फुकट मिळंल तिथून! उसाचा रस प्यायची नळी चिरलेली असली तर तोंडात नुसती हवाच येते, तसं.

तेवढ्यात अमृतराव आले. "काय मिस्त्री, पोरगी आरती करून राहिली का गाडीची?"

आबा म्हणाले, "करू द्या शेठ, तेवढंच राहिलं होतं."

दोघं हसले. हसा! मी तोच पुडा घेऊन डाळमिलच्या ट्रककडं गेले. ट्रक कालच आलाय, ब्रेकसाठी. त्याच्या पंख्याभोवती गोल पत्रा हाय, रेडिएटरला चिकटलेला. तिथं कोपऱ्यात धूर धरला तर गप्पकन आत! चारी कोपऱ्यांत!

शेवरलेला तो गोल पत्रा न्हाई.

पण होता की! मी सोळा वर्षांची होते तेव्हा आबांनी माझ्यासमोर काढला होता.

२ ऑगस्ट, सोमवार

सांगू कसं?

पत्रा काढणं म्हणजे आबांचा हातखंडा. पंख्याभोवतीचा पत्रा काढला की हवा मोकळी खेळते, आपल्या गरम मुलुखात मोकळी हवाच पाहिजे, असं ते वीस वर्षं सांगत आले. कंधार, नायगाव, किल्लारीहून जीपवाले मुद्दाम येतात, "शेषेराव मिस्त्री, तेवढा पत्रा काढून द्या." आबांची खूण हाय ती.

आमचं घर त्या पत्र्यांवरच चाललंय. एक कोंबड्यांच्या खुराड्याला. एक रांजणाखाली, बूड टेकवायला. एक भिंतीला टेकून नुसता पडलाय. अन् सगळ्यात मोठा, लाल रंगाचा ठिपका असलेला, तो आत्यानं विहारामागच्या पिंपळाच्या रोपाला उभा केलाय, शेळ्यांपासून राखायला.

लाल ठिपका! शेवरलेचाच तो!

३ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. फजिती झाली.

म्हटलं, "आबा, पत्रा परत लावून पाहू." आबा गाडीखाली होते. सरकत बाहेर आले. "कोणता पत्रा?" मी धुराचं सगळं सांगितलं. मधे मधे जीभ अडखळत होती. आबांनी पूर्ण ऐकलं, अन् मग जे भडकले!

"वीस वर्षं पत्रे काढले मी! एक तरी गाडी मेली का? आता उदबत्तीवाल्याकडून शिकायचं राहिलं होतं मला!"

मीबी काय कमी हाय? "मेल्या न्हाईत, पण तापतात ना! सगळ्या तापतात!"

पाना आपटला त्यांनी. माझ्यावर न्हाई, जमिनीवर. जेवताना आत्या एकदा त्यांच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं. आई गेल्यापासून हीच आमच्या दोघांमधली पंच. शेवटी तिनं दोघांच्या ताटात सारखंच वरण वाढलं अन् म्हणाली, "गिळा."

मी चूक न्हाई. रडले जरा, पण चूक न्हाई.

५ ऑगस्ट, गुरुवार

कंधारचा मारोती जीप घेऊन आला. अकरा सवाऱ्या, अन् बोनेट उघडून वाफ काढून राहिला. पत्रा दोन वर्षांमागं आबांनीच काढलाय तिचा.

सवाऱ्यांत एक म्हातारी होती. प्यायच्या पाण्याचा डबा तिच्या मांडीवर. मारोती म्हणाला, "मावशी, द्या जरा." तिनं निमूटपणे दिला. सगळा डबा रेडिएटरात वतला त्यानं! पाऊस न्हाई, विहिरी कोरड्या, अन् प्यायचं पाणी इंजिनाला!

मी विचारलं, "नेहमी तापते का हो?"

"तापायचीच की! नवीन रस्ता खणून ठेवलाय, हळू चालावं लागतं. सवय झाली आता. सवाऱ्याबी डबा घेऊनच बसतात."

आबा तिथंच उभे होते. त्यांनी ऐकलं. ऐकलंच असणार, पण लगेच ट्रककडं वळले.

आत्यानं म्हातारीचा डबा रांजणातून भरून दिला. मला वाटलं नव्हतं ती देईल.

७ ऑगस्ट, शनिवार

आबांनी ठरवलं — वॉटर पंप कमजोर हाय, नवा पाहिजे. इथं मिळंना. उद्या नांदेडला जाणार, ओळखीच्या दुकानात. मंगळवारपर्यंत येतो म्हणाले.

दोन दिवस! गॅरेजात मी एकटी!

८ ऑगस्ट, रविवार

आबांची एसटी सुटली, अन् मी विहाराकडं पळाले.

आत्या रोपाजवळच बसलेली. रोज आपल्या वाट्याच्या पाण्यातला एक तांब्या ती त्याला घालते. गुडघ्याएवढं झालंय. अख्ख्या वस्तीत हिरवं म्हणाल तर तेवढंच! म्हणून तर शेळ्या टपलेल्या.

म्हटलं, "आत्या, हा पत्रा पाहिजे मला."

"काहून?"

सगळं सांगितलं. तिला पंखा कळला न्हाई, रेडिएटर कळला न्हाई. तिनं एकच विचारलं, "शेषेरावची गाडी लोकांत उकळणार न्हाई ना मग?"

"न्हाई."

"घे. पण बाभळीच्या काट्या तू आणायच्या. शेळीनं एक पान जरी खाल्लं तर तुझं तंगडं मोडीन."

दुपारभर काट्या तोडल्या. हात सोलून निघाले! पण कुंपण असं केलंय, शेळीच काय, आत्याला स्वतःला पाणी घालता येईना. मग तांब्याएवढी फट ठेवली.

९ ऑगस्ट, सोमवार

लागला! लागला पत्रा!

सोपं नव्हतं हो. चार वर्षं उन्हात राहून एका बाजूनं वाकलेला. लाकडावर ठेवून हातोडीनं सरळ केला. बोल्ट सापडेनात, मग तारेनं चार जागी आवळला. पाती घासतात का ते हातानं फिरवून पाहिलं. एका ठिकाणी खर्र झालं, काढला, परत ठोकला, परत लावला. मग न्हाई घासली.

चालू केली. आधी उदबत्ती. चारी कोपऱ्यांत धूर गप्पकन आत! मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग उभीच ठेवली. अकरा मिनिटं झाली. काटा मधे. वीस. काटा मधे. मी स्टुलावर बसले, उठले, बसले. तीस. आत्या येऊन म्हणाली, "जेवायला चल." कुठलं जेवण! चाळीस मिनिटं! काटा मधोमध, हललासुद्धा न्हाई! मी आत्याला धरून गरगर फिरवली. "सोड मेले, गुडघे दुखतात माझे!" पण हसत होती.

जुन्याच पंपावर, हे मुद्दाम लिहून ठेवते. जुन्याच!

१० ऑगस्ट, मंगळवार

आबा आले, नवा पंप घेऊन. आता पंप बसवायचा म्हणजे पत्रा दिसणारच! माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. शहाणी म्हणवते स्वतःला!

बोनेट उघडलं त्यांनी. मी रांजणामागं उभी. लई वेळ वाकून पाहिलं. तारेला हात लावला. मला वाटलं आता हाक येणार, आता पाना आपटणार.

हाक आली न्हाई. तार सोडली, पत्रा काढला, बाजूला भिंतीला उभा केला, अन् पंप बसवायला लागले.

मी आत निघून आले.

११ ऑगस्ट, बुधवार

सकाळी आबा उठायच्या आत जाऊन बोनेट उघडलं.

पत्रा जागेवर हाय! तार न्हाई. चार नवे बोल्ट, खाली वायसर घालून, नीट आवळलेले. वाकलेली कडसुद्धा ठोकून सरळ केलीय, माझ्यापेक्षा चांगली!

चहा देताना मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी बशीत पाहिलं. पण मला आज उड्या मारत गावभर फिरावं वाटतंय.

१५ ऑगस्ट, रविवार

झेंडावंदन झालं. अमृतराव पाहायला आले. आबांनी अर्धा तास गाडी उभी चालू ठेवून दाखवली. काटा मधे.

"वा मिस्त्री! काय केलं?"

आबा म्हणाले, "पंप टाकला. नांदेडचा."

पंप!

मी हातातलं फडकं टबात असं फेकलं की पाणी अमृतरावांच्या धोतरावर उडालं. बरं झालं!

१६ ऑगस्ट, सोमवार

जिल्हा झाला! आता आम्ही जिल्ह्याचे लोक! काय गर्दी, काय गर्दी! सगळं लिहून काढते.

आबांनी पांढरा शर्ट घातला. आत्यानं बटणं लावून दिली. वस्तीतली सगळी माणसं रस्त्याच्या कडेला. आबा स्टेअरिंगवर, मागं अमृतराव अन् दोन म्हातारे स्वातंत्र्यसैनिक. मी फुटपाथवरून गाडीबरोबर चालत होते. मी काटा पाहायला येतेय हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गाडी निघाली. लेझीम पुढं, हलगी पुढं, माणसाच्या चालीपेक्षा हळू! दहा मिनिटं, वीस मिनिटं. काटा मधे. लोक ओरडत होते, "ए, शेषेराव मिस्त्री बघ! मिस्त्री!" आबांचं तोंड सगळ्या लातूरनं पाहिलं, अन् मी आबांना पाहिलं. नवरदेवासारखे ताठ!

गोलाईत पोचलो अन् घोळ झाला. अमृतरावांच्या माणसांनी हौसेनं एक भलामोठा बोर्ड आणला, कापडाचा, चौकटीवर ताणलेला — "आपला लातूर जिल्हा". तो बांधला कुठं? समोर, जाळीवर! वरून कागदी फुलांचे हार! सगळं रेडिएटर झाकून टाकलं. मिरवणुकीची गाडी म्हणजे तोंडालाच नटवायची ना आपल्याकडं!

मी खिडकीशी धावले. काटा चढायला लागला होता. मी ओरडले, "आबा, बोर्ड! वाराच बंद झालाय!" हलगीत कुणाला ऐकू येतंय? मी काचेवर थापा मारल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग काट्याकडं. अन् भर गोलाईत, सगळ्या जिल्ह्यासमोर, गाडी थांबवली! इंजिन चालूच ठेवलं. उतरले. हलगी थांबली. अमृतराव मागच्या सीटवरून, "काय झालं? उकळली का?"

आबा म्हणाले, "उकळली न्हाई. उकळू द्यायची न्हाई. बोर्ड मागं बांधा."

"अहो पण पुढून दिसायला पाहिजे..."

"मग टपावर बांधा. हिच्या तोंडावर काही ठेवायचं न्हाई. हिला दम घेऊ द्या."

शेठला हुकूम! आबांचा! माणसांनी गपचूप बोर्ड टपावर चढवला. हार काढून म्हाताऱ्यांच्या गळ्यात घातले. दोन मिनिटांत काटा मधे आला. आबा बसले, हॉर्न दिला, सहाच्या सहा भोंगे वाजले, कबुतरं उडाली. मी रस्त्यात उभी राहून रडत होते अन् हसत होते.

पुढं दीड तास चालली मिरवणूक. एक थेंब उकळला न्हाई.

१७ ऑगस्ट, मंगळवार

सगळं गाव गॅरेजात. "मिस्त्री, मानलं तुम्हाला!" "कोणता पंप टाकला हो?" आबा सगळ्यांना चहा पाजून राहिले अन् म्हणून राहिले, "नांदेडचा. एकदम जोरदार."

मी चहा देते. मी कप विसळते. धूर मी पाहिला, काट्या मी तोडल्या, काचेवर थापा मी मारल्या, अन् पंप जोरदार!

मला नाव नको होतं, खरंच. आबांचं नाव राहिलं, मला तेच पाहिजे होतं. मग कप विसळताना मी ते आदळते कशाला?

१८ ऑगस्ट, बुधवार

मारोतीचा निरोप आला, जीप परत तापली म्हणून. "त्यालाबी नवा पंप घ्यायला सांगा," मी आबांना म्हटलं. लई तिखट म्हटलं.

आबा मग उठून बाहेर गेले. आत्या म्हणाली, विहारामागं जाऊन त्या काट्यांच्या कुंपणाजवळ उभे होते किती तरी वेळ.

२२ ऑगस्ट, रविवार

सकाळी कोंबड्यांच्या ओरडण्यानं जाग आली. सगळ्या अंगणभर मोकळ्या. खुराड्याचा पत्रा गायब. आत्या वेगळीच ओरडत होती, रांजण विटांवर टेकवलेला. दारात तिन्ही गोल पत्रे धुऊन ओळीनं उभे, प्रत्येकावर खडूनं गाव लिहिलेलं — कंधार, नायगाव, किल्लारी. आबा बोल्टांची पिशवी घेऊन बसलेले. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आठची एसटी हाय. कंधारचा पहिला. जीप का तापते ते मारोतीला तू सांगायचं, उदबत्ती लावून दाखव. मी बोल्ट आवळतो."